आधी पाणी बघा, औषध नंतर

ऑफिसात लोक मला डेटाबेस का रखडलाय ते विचारतात आणि सोसायटीत मासा का रखडलाय ते. घरात गेली बारा-तेरा वर्षं तीन फुटी टँक आहे, एवढ्याच भांडवलावर मी आमच्या चार बिल्डिंगांचा मानद मत्स्यवैद्य झालोय. फोन बहुतेक सुट्टीच्या दिवशी येतो आणि प्रश्न जवळजवळ शब्दशः तोच असतो: "अरे, मासा कालपासून तळाशी बसून आहे. कुठलं औषध घालू?"

यातलं "कुठलं औषध घालू" माझ्या डोक्यात जातं. विचारणाऱ्याचा राग येत नाही, तो बिचारा खरंच काळजीत असतो. पण त्या प्रश्नाच्या पोटातच उत्तर ठरवून टाकलेलं असतं. मासा मलूल आहे म्हणजे तो आजारी आहे, आजारावर औषध असतं आणि औषध बाटलीत मिळतं. झालं! माझं मत असं आहे की घरच्या टँकमधला मासा मलूल दिसला तर बहुतेक वेळा बिघाड पाण्यात असतो. तो न बघता बाटली उघडणं म्हणजे सर्व्हरची डिस्क भरलेली असताना मॉनिटर पुसत बसणं. हे मत मी इतक्या जणांना फोनवर ऐकवलंय, की एकदा सविस्तर लिहून टाकावं म्हटलं.

एक अलीकडचं उदाहरण सांगतो. आमच्याच बिल्डिंगमधल्या एका मित्राने मुलीच्या सातव्या वाढदिवसाला दोन गोल्डफिश आणले. दुकानदाराने सोबत गोल काचेचं भांडं, रंगीत खडे, प्लास्टिकचं एक झाड आणि दाण्यांची डबी दिली. भांड्यात पाणी मावत असेल सात-आठ लिटर. मुलीने माशांची नावं ठेवली लाडू आणि जिलबी. चौथ्या दिवशी लाडू पाण्याच्या वर तोंड काढून आ-आ करायला लागला. मित्र दुकानात धावला आणि निळ्या औषधाची बाटली घेऊन आला. पाणी शाईसारखं झालं, आणि सहाव्या दिवशी लाडू गेला. मित्र परत दुकानात. या वेळी पिवळी पावडर मिळाली. मला फोन आला सातव्या दिवशी. जिलबी पर मिटून तळाशी बसली होती आणि पोरगी रडून रडून झोपली होती.

मी टेस्ट किट घेऊन खाली गेलो, पण उपयोग काय? टेस्ट किट म्हणजे परीक्षानळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे आणि रंग ताडून बघायचा. इथे पाणी आधीच निळं-पिवळं होऊन हिरवट झालेलं. आमच्या भाषेत सांगायचं तर औषधाने लॉग फाइलच पुसून टाकली होती. शेवटी साधं गणित मांडलं. सात-आठ लिटर पाणी, दोन गोल्डफिश, फिल्टर नाही, दिवसातून तीनदा खाणं आणि सात दिवसांत एकदाही पाणी बदललेलं नाही. या गणिताचं उत्तर काढायला मत्स्यवैद्य कशाला हवा?

उत्तर आहे अमोनिया. माशाच्या शरीरात तयार होणारा अमोनिया मुख्यतः त्याच्या कल्ल्यांमधून थेट पाण्यात जातो. वर न खाल्लेले दाणे आणि विष्ठा कुजून आणखी अमोनिया होतो. नदीत किंवा तळ्यात हा प्रश्न येत नाही, कारण एका माशाच्या वाट्याला प्रचंड पाणी असतं. भांड्यात मात्र तो आपल्याच सांडपाण्यात श्वास घेत असतो. अमोनियाने कल्ले भाजल्यासारखे होतात. मग मासा वर येऊन आ-आ करतो, पर मिटून घेतो, खाणं सोडतो, तळाशी बसतो. आपण म्हणतो, मासा आजारी पडला.

चांगल्या चालू टँकमध्ये असं का होत नाही? कारण तिथे बॅक्टेरियांची दोन टप्प्यांची पाइपलाइन चालू असते. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही घातकच. ते माशाच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहून न्यायची ताकद घालवतं. नायट्रेट त्यामानाने सौम्य, आठवड्याला थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं. हे जीवाणू फिल्टरच्या स्पंजवर, खड्यांवर, काचेवर वस्ती करतात, आणि नव्या टँकमध्ये ही वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. लाडू-जिलबीच्या भांड्यात स्पंजही नव्हता आणि सहा आठवडेही नव्हते.

हे ज्ञान काही कालपरवाचं नाही. लंडनमधल्या रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १८५० मध्येच गोल्डफिश, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून बंदिस्त पाण्यातला समतोल कसा राखता येतो ते मांडलं होतं. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी माशांचं दालन उघडलं. १८९० च्या सुमारास विनोग्रादस्की या रशियन शास्त्रज्ञाने हे नत्राचे जीवाणू वेगळे करून दाखवले. आपल्या मुंबईत मरीन ड्राइव्हला तारापोरवाला मत्स्यालय उघडलं ते १९५१ मध्ये. म्हणजे बंदिस्त पाण्यात मासे जगवायची विद्या दीडशे वर्षांहून जुनी, आणि आपण २१व्या शतकात फुटबॉलएवढ्या भांड्यात गोल्डफिश घेऊन घरी येतो. याला प्रगती म्हणायचं का?

आता माशाच्या 'स्ट्रेस'बद्दल. हा शब्द आम्हा आयटीवाल्यांनी इतका वापरून गुळगुळीत केलाय की माशाच्या बाबतीत वापरला तर लोक हसतात. "त्याला कसला स्ट्रेस? ना ईएमआय, ना मॅनेजर!" पण मासा ताणाखाली आला की त्याच्या रक्तात कॉर्टिसोल वाढतं, तेच जे आपल्या रक्तात वाढतं. थोड्या वेळापुरतं वाढलं तर काही बिघडत नाही, पळून जायला मदतच होते. दिवसेंदिवस वाढलेलं राहिलं की प्रतिकारशक्ती खालावते आणि एरवी निमूट असलेले जंतू डोकं वर काढतात. म्हणूनच खराब पाण्यातल्या माशाला नंतर बुरशी लागते, पर कुजतात, डाग येतात. आपल्याला दिसते ती बुरशी. ताण दिसत नाही, कारण तो टेस्ट न केलेल्या पाण्यात असतो.

आणि "माशाला काय कळतंय" हेही आता इतक्या सहज म्हणता येत नाही. २००३ मध्ये लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी ट्राउट माशांच्या ओठात झोंबणारी द्रव्यं टोचून बघितली. ते मासे तळाशी बसून डोलायला लागले, खडीवर ओठ घासायला लागले, खाण्याकडे नेहमीपेक्षा बऱ्याच उशिरा वळले. माशाला आपल्यासारखीच वेदना होते का यावर शास्त्रज्ञांचे वाद अजून चालू आहेत. पण घरात आणलेल्या जिवाच्या बाबतीत शंकेचा फायदा त्या जिवाला द्यावा, असं मला वाटतं.

बरं, मग करायचं काय? फोनवर मी जे सांगतो ते इथे क्रमाने लिहितो. क्रम महत्त्वाचा आहे.

पहिलं, खाणं बंद. धडधाकट मोठा मासा दोन-तीन दिवस उपाशी सहज राहतो. आपल्याकडे पाहुणा आजारी पडला की आधी त्याला खायला घालायचं असतं, तोच न्याय माशाला लावू नका. घरातल्या मोठ्यांनाही प्रेमाने समजवा. देवळाच्या तळ्यावर कुरमुरे नि कणकेच्या गोळ्या टाकायची सवय असलेला हात घरच्या टँकवरही सैल सुटतो. तळ्याला ते झेपतं, टँकला नाही.

दुसरं, शक्य असेल तर पाणी तपासा: अमोनिया, नायट्राइट, पीएच. किट नसेल तर स्वच्छ बाटलीत थोडं पाणी काढून बाजूला ठेवा, नंतर तपासता येईल. हे औषध घालायच्या आधी करायचं.

तिसरं, पाव ते एक तृतीयांश पाणी बदला. नवं पाणी टँकच्याच तापमानाचं हवं आणि त्यात क्लोरीन नको. दुकानात 'अँटिक्लोरीन' म्हणून मिळतं ते सहसा सोडियम थायोसल्फेट असतं, म्हणजे जुन्या फोटोग्राफर मंडळींच्या डार्करूममधलं 'हायपो'. ते नसेल तर पाणी उघड्या बादलीत एअर पंप लावून २४ तास ठेवलं तरी साधं क्लोरीन उडून जातं. मात्र पाण्यात क्लोरॅमाइन असेल तर ते असं उडत नाही, तिथे औषधच लागतं.

सगळं पाणी एकदम का बदलायचं नाही, हे कळायला थोडं रसायनशास्त्र हवं. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो, एक विषारी आणि दुसरं बरंच निरुपद्रवी. कुठलं किती, ते पीएच आणि तापमान ठरवतं. २५ अंश सेल्सिअसला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी विषारी भाग अर्ध्या टक्क्याच्या जरा वर असतो. पीएच ८ झाला की तोच भाग ५ टक्क्यांच्या वर जातो. जवळजवळ दहापट! जुन्या, दुर्लक्षित टँकचं पाणी हळूहळू आम्लधर्मी होत जातं आणि त्यात साठलेला अमोनिया निरुपद्रवी रूपात पडून असतो. अशा टँकमध्ये तुम्ही एकदम टँकरचं किंवा बोअरचं जास्त पीएच असलेलं जड पाणी ओतलं की तोच अमोनिया विषारी होऊन बसतो. "अहो, आम्ही तर टँक चकाचक धुतला, तरी सगळे मासे गेले" यातल्या बऱ्याच कहाण्यांचं मूळ इथे असतं. तेव्हा थोडं थोडं बदला, पण रोज बदला.

चौथं, हवा वाढवा आणि दिवा बंद करा. २५ अंशांच्या एक लिटर पाण्यात प्राणवायू मावतो जेमतेम ८ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. एप्रिल-मेमध्ये पाणी तापतं, प्राणवायू कमी होतो आणि नेमकी तेव्हाच माशाची गरज वाढलेली असते. वीज गेली की हवा आणि फिल्टर दोन्ही बंद. अशा वेळी मगाने पाणी काढून जरा उंचावरून परत ओतत राहिलं तरी माशांना जीव येतो. (फायटर आणि गुरामी हे मासे तोंड वर काढून हवा घेतातच, ती त्यांची नेहमीची पद्धत. त्यांच्याकडे बघून घाबरू नका. आणि तेवढ्यावरून फायटर बाटलीत ठेवायला हरकत नाही, असंही समजू नका.)

पाचवं, फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका. नळाच्या क्लोरीनने मघाची सगळी वस्ती मरते. टँकमधूनच काढलेल्या पाण्यात तो दोनदा पिळून घ्या, बस.

सहावं, एका वेळी एकच बदल. ज्याने कधी प्रॉडक्शनमध्ये एकदम पाच गोष्टी बदलून मग कशाने फरक पडला ते शोधलंय, त्याला याचं कारण सांगायला नको :-)

एवढं करून २४ तास शांतपणे बघा. माझा अनुभव असा की बरेच 'आजारी' मासे इथेच पोहायला लागतात आणि बाटलीची गरजच उरत नाही. गोल्डफिश पोट फुगून तिरपा पोहत असेल तर कधी कधी दोन दिवस उपास आणि मग उकडून साल काढलेला मटारचा एक दाणा एवढ्यावर काम भागतं. मित्राच्या जिलबीला आम्ही प्लास्टिकच्या मोठ्या टबात हलवलं, माझ्या टँकमधला जुना स्पंज त्या टबाच्या फिल्टरमध्ये घातला आणि रोज थोडं पाणी बदललं. रंग ओसरल्यावर दोन दिवसांनी केलेल्या टेस्टमध्येही अमोनिया दिसला, म्हणजे मूळ भांड्यात काय असेल याची कल्पना करा. आठवड्याभरात ती दाणे मागायला वर यायला लागली.

आता दुसरी बाजू. "म्हणजे औषधं सगळी थोतांडच का?" असं मित्राने विचारलंच. अजिबात नाही! रोग असतात, आणि असले की औषध लागतं. फक्त रोग ओळखून, मात्रा मोजून आणि पुरे दिवस. सगळ्यात ओळखीचा रोग घ्या. अंगावर रव्याचे कण चिकटल्यासारखे पांढरे ठिपके, मासा खड्यांवर अंग घासतोय. हा इक नावाचा परजीवी. ठिपका दिसतो तेव्हा तो माशाच्या कातडीखाली बसलेला असतो आणि तिथे औषध पोचत नाही. तो वाढून गळून पडतो, तळाशी कोष करतो, त्यातून शेकडो पिल्लं फुटतात आणि ती साधारण दोन दिवसांत नवा मासा शोधतात. औषध लागू पडतं ते या पोहणाऱ्या पिल्लांनाच. म्हणून पहिल्या डोसने ठिपके गेले नाहीत तर औषध फसलं असं नसतं, आणि ठिपके गेले म्हणजे रोग गेला असंही नसतं. २५ अंशांच्या आसपास हे चक्र आठवड्याच्या आत पूर्ण होतं, पाणी थोडं गरम केलं की आणखी लवकर. म्हणून बरेच जण तापमान ३० पर्यंत हळूहळू चढवतात, सोबत हवा वाढवतात आणि ठिपके गेल्यावरही काही दिवस उपचार चालू ठेवतात. गोल्डफिशला किंवा इतर थंड पाण्याच्या माशांना ही उष्णता जपून. जाडं मीठ हे जुनं आणि स्वस्त औषध. लिटरला एक ग्रॅमपासून सुरुवात करायची. नायट्राइट वाढलं असेल तरी मिठाचा उपयोग होतो, कारण मिठातलं क्लोराइड कल्ल्यांतून नायट्राइट आत शिरू देत नाही. मात्र पाणवनस्पती आणि खवले नसलेल्या माशांना मीठ फारसं मानवत नाही.

निळं औषध म्हणजे बहुधा मिथिलीन ब्लू. १८७६ मध्ये कापड रंगवायला तयार झालेला हा रंग. १८९१ मध्ये पॉल एर्लिखने तो मलेरियावर वापरून बघितला. बुरशीवर, माशांच्या अंड्यांवर त्याचा उपयोग आहे. पण मुख्य टँकमध्ये ओतला तर त्या उपयोगी जीवाणूंनाही त्रास होतो, म्हणजे ज्यांच्या जिवावर पाणी स्वच्छ राहतं त्यांच्यावरच घाला. म्हणून औषध द्यायचं ते वेगळ्या टबात, रोग्यालाच.

पिवळ्या पावडरीबद्दल तर मला जास्तच बोलायचंय. नाव नसलेल्या पुडीत काय असतं? ती अँटिबायोटिक असेल, नसेल. कुठली, किती, किती दिवस, हे देणाऱ्याला माहीत नसतं आणि घेणारा विचारत नाही. आपण स्वतःच्या तापाला असं करतोच, आता माशालाही करतो. अर्धवट मात्रेत वाचलेले जंतू पुढच्या वेळी त्याच औषधाला दाद देत नाहीत, आणि ते पाणी शेवटी आपल्या मोरीतून पुढे जातं. पुडीवर नाव नसेल तर घेऊ नका, इतकं साधं आहे.

यावर नेहमीचा आक्षेप येतो पैशाचा. "५० रुपयांच्या माशासाठी किट आणू, टब आणू, फिल्टर आणू? त्यापेक्षा नवा मासा आणतो." हिशोब म्हणून हे चुकीचं नाही, आणि मी त्यावर हसतही नाही. पण हा हिशोब एकदा पूर्ण करून बघा. भांडं तेच, पाणी तेच, तर दुसरा मासाही आठवड्यात जाणार, मग तिसरा. बाटल्या आणि पुड्या वेगळ्या. मला ओळखीच्या एका घरात एका वर्षात डझनभर मासे झालेले माहीत आहेत. गोल्डफिश किती जगतो माहितीये? इंग्लंडमध्ये १९५६ साली जत्रेत जिंकलेला टिश नावाचा गोल्डफिश १९९९ मध्ये वारला, ४३ वर्षांचा होऊन. सगळे इतके जगणार नाहीत, पण नीट ठेवला तर दहा-पंधरा वर्षं हे काही नवल नाही. "मासे मरतातच" हे वाक्य आपण इतकं ऐकलंय की आठवड्यात मेलेला मासा आपल्याला नैसर्गिक वाटतो.

दुसरा आक्षेप आक्षेप नाही, समजूत आहे. अरोवाना किंवा फ्लॉवरहॉर्न मेला की म्हणतात, "घरावरचं संकट त्याने अंगावर घेतलं." कुणाच्या श्रद्धेला हात घालायची मला हौस नाही. ज्याचा जीव गेला त्याला कुणीतरी मान देतंय, हेही त्यात दिसतं. माझी तक्रार एवढीच आहे की या वाक्यानंतर पाणी कुणी तपासत नाही. गेलेल्याची पोस्टमॉर्टेम रिपोर्ट न लिहिताच फाइल बंद! आणि मग तेच पाणी पुढच्या माशावर संकट आणतं.

काही वेळा सगळं करूनही मासा वाचत नाही. पोट फुगून खवले अननसासारखे उभे राहिले की आतली मूत्रपिंडं बहुधा कामातून गेलेली असतात आणि तिथून परत येणारे थोडे. अशा वेळी त्याला दिवसेंदिवस तसंच तडफडत ठेवणं मला पटत नाही. लवंगेच्या तेलात युजेनॉल असतं. ते थोड्या कोमट पाण्यात नीट फेटून माशाच्या वेगळ्या भांड्यात हळूहळू वाढवत घातलं की मासा आधी झोपतो आणि पुरेशी मात्रा झाली की त्याचा श्वास थांबतो. कल्ल्यांची हालचाल थांबल्यावरही बराच वेळ तसंच ठेवायचं. लिहायला बरं वाटत नाही, पण जिवंत मासा संडासात सोडून फ्लश करणाऱ्यांपेक्षा हे शंभर पटीने बरं. आणि "जाऊ दे बिचारा मोकळा" म्हणून नदीत किंवा तलावात तर मुळीच सोडू नका. टँकची काच साफ करायला म्हणून विकला जाणारा सकर मासा लोकांनी असाच सोडून सोडून आपल्या कित्येक नद्या-तलावांत पसरलाय, आणि जाळ्यात तो आला की कोळी बांधव वैतागतात, कारण त्याला गिऱ्हाईक नाही आणि त्याच्या काट्यांनी जाळं फाटतं. आपली दया दुसऱ्याच्या जाळ्यात जाऊन अडकते.

दुकानदाराला सगळा दोष देणं सोपं आहे. मी तसं करणार नाही, कारण तो मागणी असेल तेच विकतो. आपण विचारतो "हा केवढ्याला?" आणि "काय खातो?" एवढंच. "हा केवढा वाढतो?" आणि "याला पाणी किती लागतं?" हे दोन प्रश्न दहा गिऱ्हाइकांनी विचारले तर अकराव्याला तो आपणहून सांगेल, असा माझा विश्वास आहे. मी ज्याच्याकडे जातो तो हल्ली नव्या गिऱ्हाइकाला आधी टँक चालू करून महिन्याभराने मासे न्यायला बोलावतो. धंदा काही बसला नाही त्याचा, उलट लोक परत येतात, कारण मासे जगतात.

तेव्हा पुढच्या वेळी कुणा पोराच्या वाढदिवसाला मासा द्यायचा विचार असेल तर आधी टँक, फिल्टर आणि टेस्ट किट द्या. मासा दीड महिन्याने त्यालाच निवडायला लावा. मधल्या काळात त्याला चिमूटभर दाणे रिकाम्या टँकमध्ये टाकू देत आणि दर दोन दिवसांनी नळीत थेंब टाकून रंग बघू देत. आधी अमोनिया चढतो आणि उतरतो, मग नायट्राइट चढतं आणि उतरतं. कॅलेंडरवर आकडे लिहून ठेवले की एक दिवस दोन्ही शून्यावर येतात. सात वर्षांच्या मुलाला हे छान कळतं. मित्राची मुलगी सध्या हेच करतेय, वहीत रंगीत पेन्सिलींनी आलेख काढून. जिलबीला जोडीदार आणायची घाई बापाला आहे. ती म्हणते, "थांबा बाबा, अजून हिरवं येतंय."